दहावी तिकडे की इकडे? परदेशातून परतणाऱ्या मुलांच्या पात्रतेचा आणि फीचा हिशेब

आम्ही मस्कतहून पुण्याला परतलो ते २०१९च्या एप्रिलमध्ये. थोरलीची दहावी नुकतीच झाली होती. "बोर्डाचं वर्ष मध्येच मोडायला नको, दहावी होऊ दे आणि मग निघू," असं घरात सगळ्यांचं मत पडलं, माझंसुद्धा. ऐकायला ते शहाणपणाचंच वाटतं. दोन वर्षांनी ती नीटला बसली, मार्क बरे पडले, आणि महाराष्ट्राच्या वैद्यकीय प्रवेशाची माहितीपुस्तिका मी पहिल्यांदा नीट वाचली. राज्याच्या ८५ टक्के जागांसाठी अधिवास तर हवाच, शिवाय दहावी आणि बारावी दोन्ही महाराष्ट्रातल्या शाळा-कॉलेजातून झालेल्या हव्यात. मुलीचा जन्म पुण्याचा. आजी-आजोबा पुण्याचे. बोर्ड सीबीएसई, म्हणजे भारताचंच. पण शाळा मस्कतची. त्या एका ओळीपुढे बाकी कशाचाच उपयोग झाला नाही.

तेव्हापासून आखातातून, अमेरिकेतून, सिंगापूरहून परतणाऱ्या ओळखीच्या प्रत्येक कुटुंबाला मी हे सांगत आले आहे. आता सगळं एका जागी लिहून काढते. आठवी ते बारावीतलं मूल घेऊन महाराष्ट्रात परतायचा विचार असेल, तर विमानाची तिकिटं काढण्याआधी हे वाचा.

पहिली पायरी: परतीची तारीख दहावीकडे बघून ठरवा

आपण सहसा तारीख ठरवतो ती नोकरीचा करार, घराचं भाडं आणि आई-वडिलांची तब्येत बघून. शाळेचं नंतर बघू म्हणतो. क्रम उलटा करा. इथले प्रवेशाचे नियम मुलाचं बोर्ड कोणतं यापेक्षा मुलानं परीक्षा दिली ती शाळा कुठे होती हे बघतात. त्यामुळे तीन शक्यता उरतात.

दहावीच्या आधी परतलात, तर दहावी-बारावी दोन्ही महाराष्ट्रात होतात. मेडिकल, डेंटल, आयुर्वेद, इंजिनीअरिंग, कशाचंही दार बंद होत नाही. त्यातही नववीच्या सुरुवातीला येणं सगळ्यात सोपं. सीबीएसई नववी-दहावी आणि अकरावी-बारावी असे दोन-दोन वर्षांचे एकसंध अभ्यासक्रम मानते, नोंदणी नववीत आणि अकरावीत होते. थेट दहावीत किंवा बारावीत यायचं तर बदलीचं सबळ कारण आणि बोर्डाची मंजुरी लागते. ती शाळेमार्फतच मागावी लागते, आणि बोर्डाच्या वर्षाला नवं मूल घ्यायला बऱ्याच शाळा का-कू करतात.

बारावी तिकडेच पूर्ण केलीत, तर राज्याचा मेडिकल कोटा जातो, पण इंजिनीअरिंगसाठी दुसरा रस्ता उघडतो. त्याचं नाव डासा, म्हणजे 'डायरेक्ट अॅडमिशन ऑफ स्टुडंट्स अब्रॉड'. एनआयटी, ट्रिपल आयटी आणि केंद्राच्या काही इतर संस्थांमध्ये परदेशात शिकलेल्या मुलांसाठी या योजनेतून जागा असतात. नागपूरचं व्हीएनआयटी त्यात आहे. प्रवेश पूर्वी सॅटच्या गुणांवर व्हायचा, २०२१ पासून जेईई मेनच्या क्रमांकावर होतो. अट अशी की अकरावी आणि बारावीची दोन्ही वर्षं परदेशात झालेली हवीत आणि बारावीची परीक्षाही तिथूनच दिलेली हवी. तिथली शाळा सीबीएसईची असली तरी चालते. आखातातल्या नोकरदारांच्या मुलांसाठी याच योजनेत सीआयडब्ल्यूजी नावाचा वेगळा गट आहे. त्याची फी बघितली की तो रस्ता किती मोलाचा हे कळतं, फीच्या पायरीत सांगते.

तिसरी शक्यता आमची: दहावी तिकडे, अकरावी-बारावी इकडे. यात राज्याचा मेडिकल कोटाही जातो आणि डासाही जातं. सगळ्यात जास्त कुटुंबं नेमकी याच मधल्या फटीत परततात, कारण "दहावी झाली की निघू" हे वाक्य सगळ्यांच्याच तोंडी असतं. मुलाला मेडिकलला जायचंच नसेल तर फार बिघडत नाही. पण चौदा-पंधराव्या वर्षी किती मुलांचं ठरलेलं असतं? आमच्या लेकीनं डॉक्टर व्हायचं ठरवलं ते अकरावीत, जीवशास्त्राच्या प्रॅक्टिकलला बसायला लागल्यावर.

मेडिकलसाठी या फटीत अडकलेल्या मुलाला काय उरतं, तेही सांगते. सरकारी कॉलेजातल्या १५ टक्के अखिल भारतीय जागा, एम्स, पुण्याचं एएफएमसी, अभिमत विद्यापीठं आणि खासगी कॉलेजांचा संस्था किंवा एनआरआय कोटा. पहिल्या तिन्हींना गुण फार वर लागतात, शेवटच्या दोन्हींना पैसा फार लागतो. राज्य कोट्यातल्या खासगी कॉलेजची नियंत्रित फी हा जो मधला, मध्यमवर्गाला कसाबसा झेपणारा पर्याय असतो, नेमका तोच हातातून जातो. केंद्र आणि राज्य सरकारी नोकरांच्या, सैन्यातल्यांच्या मुलांना दहावीच्या अटीतून काही सवलती आहेत. त्या तुम्हाला लागू पडतात का, हे त्या वर्षीच्या सीईटी सेलच्या, म्हणजे राज्याच्या प्रवेश परीक्षा कक्षाच्या, माहितीपुस्तिकेत शब्दन् शब्द वाचा. शेजाऱ्याच्या मुलाला तीन वर्षांपूर्वी काय लागू पडलं, यावर जाऊ नका.

दुसरी पायरी: आई-वडिलांपैकी एकाचं अधिवास प्रमाणपत्र शोधा

इंजिनीअरिंगला महाराष्ट्राचे नियम बरेच उदार आहेत. दहावी-बारावी दोन्ही इथे झाली आणि जन्म किंवा अधिवास महाराष्ट्राचा असला तर मूल टाइप ए मध्ये बसतं. ते जमत नसेल, पण मुलाकडे, वडिलांकडे किंवा आईकडे महाराष्ट्राचं अधिवास प्रमाणपत्र असेल, तर टाइप बी मधून ते राज्याचंच उमेदवार ठरतं. म्हणजे दहावी दोह्याला झालेल्या मुलाला बाबांच्या कागदावर पुण्या-मुंबईच्या कॉलेजात राज्याच्या जागेवर प्रवेश मिळू शकतो. पीसीएममध्ये (भौतिक, रसायन, गणित) खुल्या गटाला किमान ४५ टक्के आणि आरक्षित गटाला ४० टक्के हवेत, आणि राज्याच्या प्रवेश परीक्षेचा, एमएचटी-सीईटीचा, गुण. ही सीईटी राज्य मंडळाच्या अभ्यासक्रमावर असते, साधारण २० टक्के अकरावीचा आणि ८० टक्के बारावीचा भाग. परदेशी बोर्डातून आलेल्या मुलानं राज्य मंडळाची पुस्तकं लगेच घ्यावीत.

आता हा बाबांचा कागद. पूर्ण नाव "वय, राष्ट्रीयत्व आणि अधिवास प्रमाणपत्र". आमच्या पिढीतल्या पुष्कळांनी तो आपल्या स्वतःच्या कॉलेज प्रवेशाच्या वेळी काढलेला असतो. आमचा सासरच्या माळ्यावरच्या पत्र्याच्या ट्रंकेत सापडला, लग्नपत्रिकांच्या गठ्ठ्याखाली, घडीवर विरलेला, तहसीलदारांचा जांभळा शिक्का अर्धा पुसलेला. तरीही तो चालला. आधी घर धुंडाळा, मग नवा काढायला जा. नवा काढायचा तर "आपले सरकार" पोर्टलवर किंवा सेतू केंद्रात अर्ज होतो. पण तिथे राहण्याचे सलग पुरावे मागतात, आणि पंधरा वर्षं बाहेर राहिलेल्या माणसाकडे तेच नसतात. जुना दाखला नसेल तर तुमचा शाळा सोडल्याचा दाखला, घराचा मालमत्ता कर, रेशनकार्डावरचं नाव, सातबारा, जे असेल ते गोळा करून सुट्टीत आलात की हे काम उरकून घ्या. प्रवेशाच्या जून महिन्यात सेतूपुढच्या रांगेत उभं राहायची वेळ आणू नका.

आरक्षणाचा लाभ घ्यायचा असेल तर याच वेळी तीन कागद सुरू करा: जातीचा दाखला, जात वैधता प्रमाणपत्र आणि लागू असेल तर नॉन-क्रीमीलेअर. परदेशातल्या शाळेच्या दाखल्यावर जातीचा उल्लेख नसतो, त्यामुळे सगळं वडिलांच्या आणि आजोबांच्या शाळेच्या दाखल्यांवर उभं राहतं. वैधता समितीच्या कामाला महिने जातात, म्हणून हे अकरावीतच करा.

तिसरी पायरी: मुलाचा पासपोर्ट कुठला?

मूल अमेरिकेत किंवा कॅनडात जन्मलेलं असेल आणि ओसीआय कार्डावर (परदेशी नागरिकत्व असलेल्या भारतीय वंशाच्या लोकांना मिळणारं कार्ड) असेल, तर एक तारीख पाठ करा: ४ मार्च २०२१. त्या दिवशीच्या केंद्राच्या अधिसूचनेनं ओसीआय मुलांना नीट, जेईईसारख्या प्रवेशांत फक्त एनआरआय किंवा जादाच्या जागांपुरतं पात्र ठरवलं. फेब्रुवारी २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं सांगितलं की हा बदल पुढच्या काळालाच लागू राहील. त्या तारखेआधी ज्यांना ओसीआय मिळालं त्यांचे भारतीय विद्यार्थ्यांसारखे हक्क कायम राहिले. म्हणून कार्ड पहिल्यांदा कधी मिळालं याला महत्त्व आहे. पासपोर्ट बदलल्यावर नवं कार्ड घेतलं असेल, तर जुन्या कार्डाची प्रत जपून ठेवा. मूळ तारीख तिच्यावरच असते.

भारतीय पासपोर्टवालं मूल असेल तर ही पायरी सोडून द्या.

चौथी पायरी: तिकडचा निकाल इकडे वाचता येईल असा करा

परदेशातल्या सीबीएसई शाळेचा निकाल असेल तर समकक्षतेची भानगड नाही. बाकी परदेशी बोर्डांसाठी दिल्लीतल्या भारतीय विद्यापीठ संघाचं, म्हणजे एआययूचं, समकक्षता प्रमाणपत्र हा सर्वमान्य कागद. राज्य मंडळाच्या शाळेत किंवा ज्युनिअर कॉलेजात जायचं तर मंडळाच्या विभागीय कार्यालयातून पात्रतेचं काय लागतं तेही विचारून ठेवा. मंडळाची नऊ विभागीय कार्यालयं आहेत, तुमच्या जिल्ह्याचं कुठलं ते आधी बघा.

केंब्रिजच्या आयजीसीएसईला दहावीशी समकक्ष धरायला पाच विषयांत सी किंवा त्याहून वरची श्रेणी हवी. बारावीच्या बरोबरीच्या आयबी डिप्लोमाला २४ गुण. श्रेणीची टक्केवारी कशी काढायची यावरून कॉलेजच्या खिडकीवर फार वेळ जातो. केंब्रिजच्या निकालपत्रकावर श्रेणीशेजारी टक्केही दिलेले असतात, ते पत्रक शाळेकडून मागून घ्या. अमेरिकेतल्या शाळेकडून बंद लिफाफ्यात ट्रान्स्क्रिप्ट घ्या, दोन-तीन प्रती.

विषय जपा. नीटसाठी अकरावी-बारावीत भौतिक, रसायन, जीवशास्त्र आणि इंग्रजी लागतात, इंजिनीअरिंगला गणित. आयबी आणि ए-लेव्हलमध्ये मूल मजेत इतिहास, अर्थशास्त्र आणि चित्रकला निवडून बसतं आणि दोन वर्षांनी कळतं की एक विषय कमी पडतोय. नीटला वयाचीही अट आहे: प्रवेशाच्या वर्षी ३१ डिसेंबरला १७ पूर्ण. तिकडे वरच्या वर्गात उडी मारलेल्या मुलांनी हे मोजून बघावं.

आणि कॅलेंडर. आयबीचा निकाल जुलैच्या पहिल्या आठवड्यात लागतो. ए-लेव्हल आणि आयजीसीएसईच्या उन्हाळी परीक्षांचा निकाल ऑगस्टमध्ये. आपल्याकडे तोवर प्रवेशाच्या फेऱ्या सुरू होऊन काही संपलेल्याही असतात. फॉर्म पहिल्या फेरीच्या आधी भरून ठेवा, शाळेकडून निकाल प्रतीक्षेत असल्याचं पत्र घ्या, आणि कॉलेजात फोन न करता स्वतः जाऊन विचारा.

पाचवी पायरी: अकरावी

२०२५-२६ पासून अकरावीचा केंद्रीय ऑनलाइन प्रवेश अख्ख्या महाराष्ट्रात लागू झाला. त्याआधी तो मुंबई महानगर, पुणे-पिंपरी चिंचवड, नागपूर, नाशिक आणि अमरावतीपुरता होता. म्हणजे सांगली-सोलापूरला परतलात तरी "ओळखीच्या सरांना भेटून" होणारं काम आता पोर्टलवरूनच होतं. फॉर्मचे दोन भाग असतात, पहिल्यात माहिती आणि कागद, दुसऱ्यात कॉलेजांचा पसंतीक्रम. परदेशी बोर्डाच्या मुलाचे गुण हातानं भरावे आणि तपासून घ्यावे लागतात, त्यामुळे पहिला भाग सुरू झाला त्याच दिवशी भरा. इनहाऊस कोटा (त्याच संस्थेच्या शाळेतल्या मुलांसाठी) १० टक्के आणि व्यवस्थापन कोटा ५ टक्के असतो. अल्पसंख्याक संस्थांत त्या समाजासाठी ५० टक्के.

दहावीच्या आधी परतणाऱ्यांसाठी मराठीचं सांगायला हवं. २०२०च्या कायद्यानं राज्यातल्या सगळ्या बोर्डांच्या शाळांत दहावीपर्यंत मराठी सक्तीची आहे. नव्यानं आलेल्या मुलाला मूल्यमापनात काही सूट मिळते का, हे प्रवेशाआधीच शाळेत लेखी विचारा. धाकटा आमच्याबरोबर आला तेव्हा सहावी संपवून सातवीत जात होता. घरात अस्खलित मराठी बोलायचा, पण जोडाक्षरं दिसली की थांबायचा. 'ज्ञ' आणि 'क्ष' त्यानं फ्रिजवर खडूच्या पाटीवर दोन महिने लिहून ठेवले होते. रोज वीस मिनिटं, आणि अभ्यासाचं पुस्तक न घेता पेपरातलं क्रिकेटचं पान. दिवाळीपर्यंत गाडी रुळावर आली.

सहावी पायरी: फी

आधी शाळेची. अनुदानित तुकडीची फी आणि त्याच कॉलेजच्या विनाअनुदानित तुकडीची फी यांत जमीन-अस्मानाचा फरक असतो, म्हणून पसंतीक्रम भरताना तुकडीचा प्रकार बघा. खासगी शाळांची फी २०११च्या फी नियमन कायद्याखाली पालक-शिक्षक संघाच्या कार्यकारी समितीपुढे मंजूर व्हावी लागते. मंजूर फीचा तक्ता मागायचा तुम्हाला हक्क आहे. "परदेशातून आलात ना" म्हणून कुणी वेगळा आकडा सांगितला, किंवा पावतीशिवाय देणगी मागितली, तर १९८७च्या कायद्यानं महाराष्ट्रात कॅपिटेशन फी घ्यायला बंदी आहे, हे शांतपणे सांगा. आमच्याकडे एका शाळेनं अशी रक्कम "इमारत निधी" म्हणून मागितली. पावती आणि मंजुरीचं पत्र लेखी मागितल्यावर तो विषय पुन्हा निघाला नाही.

व्यावसायिक अभ्यासक्रमांची फी महाराष्ट्रात शुल्क नियामक प्राधिकरण ठरवतं आणि प्रत्येक कॉलेजचा मंजूर आकडा त्यांच्या संकेतस्थळावर असतो. एजंटाच्या तोंडचा आकडा आणि तिथला आकडा शेजारी ठेवून बघा.

एनआयटीत भारतातल्या मुलांची शिकवणी फी वर्षाला १,२५,००० रुपयांच्या घरात आहे. डासाच्या सर्वसाधारण गटातून आलेल्या मुलाला तीच वर्षाला ८,००० डॉलरच्या आसपास पडते. सीआयडब्ल्यूजी गटातल्या मुलाला मात्र भारतीय मुलांइतकीच. एकच वर्ग, एकच बाक, आणि फरक पाचपटींच्या आसपास. म्हणून आखातात असाल आणि मूल अकरावीत असेल, तर वडिलांच्या नोकरीचा करार बारावी आणि प्रवेश होईपर्यंत टिकवता येतो का ते बघा. या गटासाठी पालक त्या वेळी तिथे कामाला असल्याचे कागद लागतात.

एनआरआय कोट्याबद्दल माझं मत स्पष्ट आहे: दुसरा कुठलाही रस्ता उरला नसेल तरच. ती फी राज्य कोट्याच्या कित्येक पट असते, आणि पुढे तुम्ही कायमचे परत आलात, पगार रुपयांत आला, तरी साधारणपणे अख्ख्या अभ्यासक्रमाला तीच लागू राहते. तुमचा एनआरआय दर्जाही आपोआप टिकत नाही, तो आयकराच्या नियमांनुसार दिवसांवर मोजला जातो. सीएकडून लेखी घ्या. काका-मामांना पुढे करून कोटा मिळवून देतो म्हणणाऱ्यांपासून लांब राहा. पंजाबनं दूरच्या नातेवाइकांनाही एनआरआय कोट्यात आणायचा प्रयत्न केला होता, तो उच्च न्यायालयानं रद्द केला आणि सप्टेंबर २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयानंही तेच उचलून धरलं.

सवलतींकडे परतलेली कुटुंबं बघतच नाहीत, आपल्याला कुठलं मिळणार म्हणून. पण परतल्यावर पगार निम्म्यावर आलेली पुष्कळ घरं मी पाहिली आहेत. कुटुंबाचं उत्पन्न ८ लाखांच्या आत असेल तर राजर्षी शाहू महाराज शिष्यवृत्तीतून व्यावसायिक शिक्षणाची निम्मी शिकवणी फी माफ होते. २०२४-२५ पासून ईडब्ल्यूएस, एसईबीसी आणि ओबीसी गटातल्या मुलींना याच मर्यादेत पूर्ण माफी आहे. अर्ज राज्याच्या महाडीबीटी पोर्टलवर. प्रवेश केंद्रीय फेरीतून झालेला हवा, व्यवस्थापन कोट्यातून घेतलात तर हे मिळत नाही.

सातवी पायरी, जी तिकडचं घर सोडण्याआधी करायची

नाव. आपल्याकडे मुलाचं नाव, वडिलांचं नाव, आडनाव असं चालतं, आणि परदेशातल्या शाळा मधलं नाव गाळतात किंवा वडिलांचं नावच आडनाव करून टाकतात. पासपोर्ट, जन्मदाखला, शाळेचा दाखला आणि आधार या चारही कागदांवर स्पेलिंग एक आहे का, अक्षर अक्षर लावून बघा. 'देशपांडे'च्या शेवटी कुठे 'ई' आहे, कुठे नाही, एवढ्यावर प्रवेशाच्या दिवशी प्रतिज्ञापत्र करायला धावावं लागतं. दुरुस्ती शाळेत असतानाच अर्ध्या दिवसात होते, देश सोडल्यावर ईमेलवर महिनोन् महिने.

दाखल्यावर वर्ग, उत्तीर्ण असल्याचा शेरा, जन्मतारीख आणि शाळा सोडल्याची तारीख आहे ना, बघा. मग साक्षांकन. अमेरिका, ब्रिटन, ऑस्ट्रेलिया, सिंगापूर, ओमान, बहारीन इथे अपॉस्टिल, म्हणजे दूतावासाच्या शिक्क्याची गरज न ठेवणारं एकच साक्षांकन, चालतं. कॅनडातही जानेवारी २०२४ पासून. कुवेत, कतारसारख्या ठिकाणी तिथल्या परराष्ट्र खात्याचा शिक्का आणि मग भारतीय दूतावासाचा, या क्रमानं. कुठलाही मूळ कागद लॅमिनेट करू नका, लॅमिनेट केलेल्या कागदावर शिक्का मारून मिळत नाही.

आखातातल्या भारतीय शाळांची ऑफिसं जुलै-ऑगस्टच्या उन्हाळी सुट्टीत जवळजवळ बंद असतात, आणि नेमके त्याच दिवसांत इथल्या कॉलेजांना कागद हवे असतात. जूनच्या पहिल्या आठवड्यात शाळेत जा, दाखल्याची दुसरी सही-शिक्क्याची प्रत मागा, आणि ऑफिसातल्या ज्या माणसानं ती दिली त्याचा मोबाइल नंबर लिहून घ्या. आम्हाला तो दोनदा लागला.